पटवारी गल्लीतली द्राक्षं

द्राक्षाची वेल लावणं हा काही कायद्यानं गुन्हा नाही. असता, तर माणिकराव हिवाळे गुरुजींनी ती लावलीच नसती. सायकलचा दिवा बिघडला तर भर दुपारीसुद्धा सायकल हातात धरून नेणारा माणूस तो. पण कायद्यात काही आडवं येत नाही म्हणून त्यांनी ती लावली, आणि त्या एका वेलीपायी त्यांच्या अब्रूचे जे धिंडवडे निघाले, त्यापेक्षा कोर्टात उभं राहिलेलं परवडलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, अमडापुरात द्राक्षं? कापूस म्हणा, ज्वारी म्हणा, तूर म्हणा. सगळं गाव हेच म्हणालं. झालं असं होतं, की गुरुजी मास्तरांच्या शिबिराला नाशिकला गेले होते. बाकीचे मास्तर येताना चिवडा घेऊन आले, गुरुजी ओल्या फडक्यात गुंडाळून द्राक्षाची एक काडी घेऊन आले. लोकांचा चिवडा संपला. गुरुजींची काडी फुटली, वाढली, फाटकावर घातलेल्या बांबूच्या मांडवावर पसरली, आणि तिसऱ्या वर्षी माघात तिला चक्क घोस लागले. हिरवेगार, हरभऱ्याएवढ्या मण्यांचे. गुरुजी शाळेत जाता-येता वर बघत चालायला लागले. वर बघत चालणाऱ्या माणसाचा पाय गटारात जायचा तसा त्यांचाही गेला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. कारण घोस दिसल्यापासून त्यांच्या डोक्यात एक बेत शिजत होता.

तो बेत कळायला आधी गल्ली कळली पाहिजे. पटवारी गल्ली म्हणजे गावातली शिकल्यासवरल्या लोकांची गल्ली. कोपऱ्यावर रिटायर झालेले पटवारी रंगराव, त्यांच्यावरूनच गल्लीचं नाव पडलेलं. पलीकडे गुरुजींच्याच शाळेचे हेडमास्तर. आणि गुरुजींच्या भिंतीला भिंत लावून जनकाबाई, एकटी म्हातारी. तिचं गल्लीत कोणाशीच पटत नसे, आणि त्यात ती लहानमोठा असा भेद करत नसे. गुरुजींच्या घराचा मालक बुलढाण्याला राहायचा. त्यानं भाडं बघितलं, भाडेकरू बघितला नाही, म्हणून हिवाळे मंडळी इथं राहायला आली. गल्लीतलं पहिलंच बौद्ध घर. दीक्षा घेऊन वर्षं लोटली होती, महाराष्ट्र झाला होता, जिल्हा परिषदसुद्धा झाली होती; पटवारी गल्लीला मात्र कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

गल्ली वाईट नव्हती हो! तोंडावर कधी कोणी वाकडा शब्द बोललं नाही. 'नमस्कार गुरुजी' व्हायचं, रस्त्यावरून. 'काय म्हणता गुरुजी' व्हायचं, तेही रस्त्यावरून. पोरं शिकवणीला अंगणात येऊन बसायची, फक्त येताना घरून आपापला तांब्या भरून आणायची. मोठं माणूस फाटकाच्या आत पाऊल टाकत नसे. घर लागलं तेव्हा गुरुजींच्या मंडळींनी, चांगुणाबाईंनी, सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. सगळ्यांचा नुकताच झाला होता. तीन वर्षं झाली, अजून सगळ्यांचा नुकताच झालेला असतो.

गुरुजी भूमिती शिकवत. त्यांनी हा प्रश्न भूमितीनं सोडवला. चहा आपल्या चुलीवर होतो. पाणी आपल्या माठात असतं. दोन्हीला आपला हात लागतो. पण फळ? फळ वेलीवर होतं, उन्हानं पिकतं. शुक्रवारच्या बाजारातून रंगराव पेरू आणतात तेव्हा पेरू कोणाच्या मळ्यातला हे विचारत नाहीत, भाव विचारतात. म्हणून, द्राक्षं पिकली की पळसाच्या पानांचे द्रोण भरून घरोघर द्यायचे आणि गल्लीनं ती खायची. एकदा या घरचं काहीतरी तोंडात गेलं की पुढची वाट मोकळी. सिद्धता पूर्ण.

ती त्यांनी चांगुणाबाईंना ऐकवली.

"पाणी नाही पेत ते आपल्या घरचं," चांगुणाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अन् द्राक्षं खातीन?"

"अवं, फळ हाये ते. फळाले काय होते?"

"फळाले काई नाही होत. तुमालेच होईन, मंग बसान तोंड पाडून."

चांगुणाबाईंचा गल्लीवर राग नव्हता. त्यांनी आशा सोडून दिली होती, आणि आशा सोडलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला रोज रोज वाईट वाटून घ्यावं लागत नाही. गुरुजींचं तसं नव्हतं. त्यांना रोज नव्यानं आशा वाटायची आणि रोज नव्यानं वाईट वाटायचं. असा माणूस मास्तरकीत टिकतो, पण सुखी होत नाही.

माघात मध्येच आभाळ भरून आलं, हवेत ओलसर गारवा सुटला आणि एका सकाळी बघतात तर घोसांवर पांढरी भुकटी. कोणी वरून पिठाची चाळणी झाडावी तशी.  गुरुजी फाटकाशी डोक्याला हात लावून उभे होते, तेवढ्यात रस्त्यावरून रंगराव निघाले.

"काऊन गुरुजी, तोंड काऊन उतरलं?"

"काय सांगू रंगरावजी, वेलीला भुरी लागली."

रंगराव जागच्या जागी थांबले. "कोन म्हणते? माही भुरी सकाळपासून दाव्याले बांधेल हाये! पहा चाला!"

रंगरावांच्या गाईचं नाव भुरी. त्यांनी घरातली झाडून सगळी माणसं साक्षीला बाहेर बोलावली. ही भुरी म्हणजे रोग आहे, गाय नव्हे, हे पटवता पटवता गुरुजींची शाळेची घंटा गेली. गाय निर्दोष सुटल्यावर रंगरावांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी उदार मनानं सल्ला दिला, की गोमूत्र शिंपडा, भुरीवर भुरीचंच चालतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गोमूत्राचा गडवा घेऊन आले. गुरुजींनी बादली पुढे केली. रंगरावांनी गडवा चांगला खांद्याएवढा उंच धरला आणि वरून धार सोडली. भांड्याला भांडं लागलं नाही. अर्धं गुरुजींच्या धोतरावर गेलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सल्ल्याच्या बाबतीत गल्लीनं हात आखडला नाही. चहा घ्यायला कोणी आलं नव्हतं, पण सल्ला द्यायला फाटकाबाहेर रांग लागली. हेडमास्तरांनी आंबट ताक शिंपडायला सांगितलं. तेलाच्या दुकानवाल्यानं गोवरीची राख चाळून उधळायला सांगितली. चांगुणाबाई मधल्या मधे राख चाळून आणि ताक घुसळून दमल्या.

गुरुजी शिकलेले, म्हणून ते तालुक्याच्या कचेरीतही जाऊन आले. तिथं शेतीचे अधिकारी पंजाबराव बसत. भुरीवर गंधकाची भुकटी मारतात आणि सरकार ती देतं, असं गुरुजींनी कुठंतरी वाचलं होतं.

"किती एकर?" पंजाबरावांनी विचारलं.

"एक वेल."

"म्हणजे गुंठे किती?"

"गुंठे नाहीत साहेब. एकच वेल आहे. फाटकावर."

"फाटकावर?" पंजाबरावांनी चश्मा काढला. "सातबारा आणलाय का?"

"घर भाड्याचं आहे."

"हे पहा गुरुजी, तुम्ही शिकलेले. जमीन मालकाची, वेल तुमची. मग भुरी कोणाची धरायची आम्ही?"

हा प्रश्न गुरुजींना भूमितीनंही सुटण्यासारखा नव्हता. शेवटी पंजाबराव म्हणाले की गंधक आलेलं नाही, आलं तरी ते एकरावर मिळतं, वेलीवर नाही, आणि आपल्या वाडवडलांनी काय गंधक मारलं होतं? घरगुती उपायावर भागवा. गुरुजी रिकाम्या हातानं एसटीत बसले. एका अर्थी त्यांना बरंच वाटलं. पुढेमागे ही द्राक्षं लोकांच्या तोंडात जायची, त्यावर सरकारी भुकटी कशाला?

आणि खरा उपाय शेवटी भिंतीपलीकडूनच आला.

"ओ मास्तर!" जनकाबाईनं भिंतीवर डोकं काढलं. लहानपणीच्या देवीच्या वणांनी तिचा चेहरा सगळा खरबरीत झालेला होता, त्यामुळे ती चिडली आहे की हसते आहे हे लवकर कळत नसे. बहुधा चिडलेलीच असे. "राखीनं कुठी रोग जाते काय? अन् ते ताक! वास सुटला माह्या घरात. निंब आना निंब. पाला उकळा अन् रोज शिंपडा. मांडवाले डहाळ्या बांधा. अन् पिकेपर्यंत सोडू नका, मधात सोडसान तं गेलं सारं!"

गुरुजी आज्ञाधारक. ते निंबावर चढले, उतरताना धोतर फाटलं, पण भारा घेऊनच आले. फाटकाच्या मांडवाला दोन्ही बाजूंनी गच्च डहाळ्या बांधल्या. घमेलंभर पाला उकळून ते काढा शिंपडायला लागले, सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर. आणि खरं सांगतो, गुण आला. भुकटी पसरायची थांबली. घोस पुन्हा हिरवे दिसायला लागले.

पण दारावर निंबाच्या डहाळ्या बांधल्या म्हणजे आपल्याकडे काय समजतात, हे गुरुजींच्या ध्यानातच आलं नाही. ज्या घरी देवी आल्या, माणसाच्या अंगावर फोड उठले, त्या घरी निंब बांधतात. लोकांनी बाहेरच्या बाहेर समजून घ्यावं आणि पुढे जावं. वेलीची भुरी तर आपल्याच सल्ल्यानं केव्हाच गेली असं ज्यानं त्यानं धरलं होतं, मग हा निंब माणसासाठीच असणार. शेंबड्या पोराला कळणारी गोष्ट. पण गुरुजी सारखे वर बघत होते ना!

त्यात शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, "हिवाळे, आजही उशीर?"

"काय करू सर, तिच्या अंगावर अजून पांढरं आहे थोडं. सकाळी निंबाच्या पाण्यानं धुतलं, मग निघालो."

आपल्याकडे कोणता नवरा बायकोचं नाव घेतो? ती म्हटलं की तीच. हेडमास्तर दोन पावलं मागे सरले. "अरेरे! फार आहे का?"

"अंगभर होतं सर. आणि वाईट याचं वाटतं की पहिल्यांदाच फळ धरलं होतं हो तिनं!"

हेडमास्तरांनी त्यांना ताबडतोब घरी जायला सांगितलं. आपल्या वेलीची शाळेला एवढी काळजी आहे हे बघून गुरुजींना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले लोक नाकाला धोतराचा सोगा लावून पलीकडच्या कडेनं जायला लागले. शिकवणीची पोरं आली नाहीत. आणि दुपारी आरोग्य खात्याचा देवी टोचणारा सायकलवरून उतरला. खाकी टोपी, हातात पेटी.

"तालुक्याहून आलो. पेशंट कुठाय?"

गुरुजींना वाटलं, पंजाबरावांनीच माणूस धाडला. सरकारबद्दल आपण उगाच वाईट बोललो! "या, या साहेब! हे काय, फाटकावरच आहे."

"फाटकावर? अहो, आत निजवा! कधीपासून उठलंय?"

"आभाळ आलं तेव्हापासून. पांढरी भुकटी आहे, बोटानं पुसली की निघते."

"बोटानं पुसली?" टोचणारा सायकलच्या मागे गेला.

तेवढ्यात चांगुणाबाई काढ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. टोचणाऱ्यानं त्यांच्याकडे लांबूनच निरखून बघितलं. "बाई, तुम्हीच ना? कितवा महिना?"

"महिना?" चांगुणाबाई म्हणाल्या. "फाल्गुनात होतीन म्हणतात हे." मग त्यांचं त्याच्या नजरेकडे लक्ष गेलं. नजर त्यांच्या पोटावर होती. त्यांनी बादली हळूच खाली ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता.

गुरुजींना सगळा उलगडा झाला तेव्हा त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हात जोडून वेल दाखवली, घोस दाखवले, निंब का बांधला ते सांगितलं. टोचणाऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि तो म्हणाला, "ते ठीक. पण तक्रार आली म्हणजे गल्ली टोचलीच पाहिजे. लस फोडली, आता परत नेऊ काय? अन् टोचायचं जिथली तक्रार तिथंच. बोलवा सगळ्यांना."

आणि अशा रीतीनं पटवारी गल्ली तीन वर्षांत पहिल्यांदा गुरुजींच्या अंगणात आली. सरकारी हुकमानं, दंड उघडे टाकून, तोंडं आंबट करून. जनकाबाई तेवढी आली नाही. "मले देवी येऊन गेल्या लहानपनीच, पहा थोबाड!" असं तिनं भिंतीवरूनच टोचणाऱ्याला सुनावलं.

चांगुणाबाई तोंड धुऊन परत बाहेर आल्या. त्यांनी ओट्यावर पाण्याचा माठ आणून ठेवला, त्यावर घासलेला पेला पालथा घातला. ऊन चांगलं तापलं होतं. माणसं रांगेत उभी होती, घाम पुसत होती, पण तहान कोणालाच नव्हती. टोचून घेतल्यावर हेडमास्तरांना तर घेरी आली. ते घेरी घेऊन तसेच भिंत धरत धरत आपल्या घरी गेले आणि तिथं पाणी प्याले. संध्याकाळी चांगुणाबाईंनी माठ उचलून आत नेला.  चिडल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

पुढचे कित्येक दिवस गल्लीचे दंड सुजले होते. ज्याला त्याला गुरुजींची आठवण येत होती.

हे कमी होतं म्हणून एका सकाळी बौद्धवाड्यातून जानराव आले. म्हातारा कडक. जयंतीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे, आणि त्या साली सभेचे अध्यक्ष म्हणून गुरुजींचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. ते सरळ फाटकातून आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "गुरुजी, घरच्या देव्या मी माह्या हातानं नदीत सोडल्या. बायको रडत होती तरी सोडल्या. अन् अध्यक्षाच्या दारावर निंब?"

"जानरावदादा, तो वेलीसाठी आहे हो."

"वेलीले देवी आली?"

"देवी नाही, भुरी. बुरशी असते ती एक..." आणि गुरुजींनी बुरशीवरचा पाठ पहिल्यापासून शिकवला. जानरावांनी तो सगळा ऐकला. चांगुणाबाईंनी दिलेला चहा बशीत ओतून प्याले. मग वर घोसांकडे बघितलं.

"अन् हे समदं कोनासाठी? या गल्लीसाठी?"

"हाव."

"आपल्या वाड्यात द्या न. आमी खातो न गुरुजी. आंबट का गोड हेबी नाही इचारत."

"तुम्हाला देणारच आहे दादा, वरचे घोस तुमच्यासाठीच ठेवले आहेत. पण..."

"पन तुमाले त्याइलेच खाऊ घालायचं हाये," जानराव म्हणाले. ते रागावले नव्हते, तेच वाईट होतं. जाताना त्यांनी गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी त्या दिवशी निंब शिंपडताना बराच वेळ एकाच घोसावर शिंपडत राहिले.

फाल्गुन लागला. पळस फुलला, आणि घोस पिवळट होऊन त्यांत उजेड दिसायला लागला. गुरुजींनी जनकाबाईचा शब्द पाळला होता. पिकेपर्यंत एक दिवसही निंब चुकवला नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, धुवट धोतर नेसलं आणि कात्रीनं घोस उतरवले. चांगुणाबाईंनी साठवून ठेवलेल्या पळसाच्या पानांचे द्रोण लावले. घरातल्या भांड्यात द्यायचं नाही, म्हणजे कोणाला भांडं परत करायची अडचण नको. अडचण शब्द त्यांनीच वापरला.

"एखादं खाऊन तं पहा," चांगुणाबाई म्हणाल्या.

"आधी लोकांचं, मग आपलं," गुरुजी म्हणाले. पहिलं फळ आधी दुसऱ्याच्या हातात पडावं, असा त्यांचा हट्ट.

आणि काय सांगू, गल्लीनं द्रोण घेतले! रंगरावांनी दोन्ही हातांनी घेतला. हेडमास्तर म्हणाले, "कशाला त्रास केला हिवाळे!" आणि घेतला. तेलाच्या दुकानवाल्यानं गल्ल्याशेजारी ठेवून घेतला. जनकाबाई घरात दिसली नाही, तिच्या भिंतीवर ठेवला. एकही द्रोण परत आला नाही. गुरुजी घरी आले ते पोरासारखे धावत. "सांगत नव्हतो तुले? फळाले काई होत नाही!"

चांगुणाबाईंच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. दिवेलागणीला दोघं ओट्यावर बसली आणि आपल्या वाट्याचा घोस मधे घेतला. गुरुजींनी एक मणी तोंडात टाकला. चांगुणाबाईंनी एक टाकला. मग दोघंही उठून मोरीकडे गेली.

कडू. साधा कडू नव्हे, निंबाच्या काढ्याचा अर्क! माघापासून शिंपडलेला सगळा निंब सालीत बसला होता. गुरुजींनी मणी धुऊन बघितले, चोळून बघितले, दुसऱ्या घोसाचे बघितले, वरच्या घोसांचे बघितले. सगळे सारखेच जहर.

"हे वाटले आपण?" गुरुजी मटकन खाली बसले. "घरोघर? हातानं नेऊन?"

त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. तीन वर्षांनी पहिल्यांदा लोकांनी या घरचं तोंडात घातलं आणि त्यांना थुंकावं लागलं! पोरं रडली असतील. रंगराव काय म्हणत असतील? सकाळी उठून त्यांनी ठरवलं, घरोघर जाऊन हात जोडायचे.

रंगराव ओसरीत दात घासत होते. गुरुजींनी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "वा गुरुजी! काय द्राक्षं हो! साखर! नातवानं पुरा द्रोन संपवला."

 गुरुजींचे जोडायला वर आलेले हात तसेच खाली गेले. मग त्यांना वाटलं, असेल बुवा, एखादा घोस पानाखाली राहिला असेल, त्याला निंब लागला नसेल. छातीवरचा धोंडा थोडा हलला. ते हेडमास्तरांकडे गेले.

"हिवाळे, अप्रतिम! मंडळी म्हणाली, नाशिकची इतकी गोड नसतात."

तेलाच्या दुकानात तर त्यांनी काही विचारलंही नाही. "गुरुजी, खडीसाखर!" असं दुकानदार आतूनच ओरडला, "समद्यायनं खाल्ले!"

गुरुजी दुकानासमोर उन्हात उभे राहिले. सगळे घोस एकाच वेलीचे. सगळ्यांवर एकाच बादलीतला काढा. ज्यानं एक मणी दाताखाली धरला असता तो गोड म्हणूच शकला नसता. म्हणजे कोणी धरलाच नव्हता. सगळे द्रोण मागच्या दारानं उकिरड्यावर गेले होते, आणि सगळ्यांनी जिभेवर साखर ठेवून सांगितलं होतं. भूमितीत याला काय म्हणतात ते गुरुजींना ठाऊक होतं, पण आठवावंसं वाटलं नाही. उरलेल्या घरांच्या लोकांनी दारातून 'गोड', 'फार गोड' असं सांगितलं. गुरुजी प्रत्येकाला "बरं झालं" म्हणत मान खाली घालून चालत राहिले. चांगुणाला काय सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ती काही म्हणणार नाही, नुसती आत जाईल.

"ओ मास्तर! कुठी पळून राह्यले? थांबा!"

जनकाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. चेहरा नेहमीसारखाच, पण आवाज नेहमीपेक्षा मोठा.

"लाज नाही वाटत? म्हातारीले मारता काय? जहर हाये ते का द्राक्षं? रातभर तोंड कडू माहं! भाकर कडू, पानी कडू!"

गुरुजी थांबले. "काय म्हणालात?"

"बहिरे झाले काय? कडू म्हणते, कडू!"

"तुम्ही... खाल्ले?"

"मंग का पूजा करू त्याइची? पह्यला खाल्ला, कडू. म्हणलं एखादा असते असा. दुसरा खाल्ला, थोबी कडू. असं करत अर्धा द्रोन खाल्ला मी मेलीनं, एखादा तं गोड निंघन म्हणून!"

"पण निंब तर तुम्हीच सांगितला होता, जनकाबाई."

"वेलीले सांगतला होता! मले चारायले सांगतला होता काय?"

गुरुजींचे डोळे भरून आले. ते भर गल्लीत उभे राहून शिव्या खात होते, आणि त्या थांबू नयेत असं त्यांना वाटत होतं. "खरंच फार कडू होते का हो?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि म्हातारीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग त्यांना राहवेना. ते आपल्या फाटकाकडे तोंड करून ओरडले, "चांगुणा! अवं ये चांगुणा! जनकाबाई म्हणतात, द्राक्षं कडू होते!"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोचं नाव गल्लीत घेतलं. चांगुणाबाई ओट्यावर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, बाकीच्या घरांचंसुद्धा. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"उभी काय राह्यली वं?" जनकाबाई म्हणाली. "गुळाचा खडा आन. तोंड अजून तसंच हाये."

चांगुणाबाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आमच्या घरचा?"

"मंग का गल्लीभर मांगत हिंडू? कडू केलं तुमी, अन् गोड लोकायनं करावं?"

चांगुणाबाई धावत आत गेल्या आणि तळहातावर गुळाचा खडा घेऊन आल्या.  जनकाबाईनं तो उचलला, तोंडात टाकला आणि गाल फुगवून चघळत उभी राहिली. कोपऱ्यावरच्या घरातून रंगराव बघत होते. त्यांनी हळूच खिडकी लावून घेतली.

"आता तरी झालं ना गोड?" गुरुजींनी विचारलं.

"गूळ गोडच असते," जनकाबाई भरल्या तोंडानं म्हणाली. "पन तुमचे द्राक्षं कडूच होते, मास्तर. मले खोटं बोलता येत नाही."